इग्नातिसच्या भट्टीतली परात

शब्द दिला होता मिर्सिनीनेच. पुढे गावात कुणी म्हणालं पोरांनी म्हातारीला कोंडीत पकडलं, कुणी म्हणालं सुनेने डाव साधला. लोकांचं काय, लोक काहीही बोलतात. पण शनिवारी संध्याकाळी अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलावर हात आपटून तिनेच सांगितलं होतं,

"उद्याचं युवेत्सी मी करणार. एकटी. मांस परतण्यापासून पास्त्याचे दाणे घालेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. जमलं, तर मी याच घरात मरणार, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर मंगळवारच्या बोटीने स्त्रातिसबरोबर अथेन्सला जाते. ट्रंक माझी मी भरीन."

"आई, ही काय शर्यत आहे का?" स्त्रातिस म्हणाला. त्याच्या हातातला उझो दारूचा पेला तसाच राहिला.

"शर्यत तुम्ही लावलीत बाबा. मी फक्त वार ठरवला."

एव्हान्थियाला, तिच्या थोरल्या लेकीला, बोलायची गरजच नव्हती, कारण कागदोपत्री घर तिचंच होतं. आमच्या बेटावर घर आईकडून लेकीला जातं, लग्नाच्या दिवशी. मुलगे आपले बायकोच्या घरी नांदतात नाहीतर बोटीवर जातात. एव्हान्थियाचा नवरा मितिलिनी शहराच्या बंदरावर कामाला, म्हणून ती तिकडे राहिली आणि आई इथेच राहिली, इतकंच. आता एव्हान्थियाच्या लेकीचं, देस्पिनाचं लग्न ऑक्टोबरात, आणि तेही गावातल्याच पोराशी. तेव्हा घर आता देस्पिनाचं व्हायचं. नव्या जोडप्याच्या मधे म्हातारी कशाला, असं कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. स्त्रातिसने मात्र फोनवरच जाहीर करून टाकलं होतं, "आईला मी नेतो!" मायेचा माणूस, पण उतावळा. आपल्या बायकोला, अमालियाला, त्याने हे नंतर सांगितलं, तेही जेवताना, तोंडात घास असताना.

रविवारी पहाटे मिर्सिनी उठली तेव्हा सगळी झोपलेली होती. तिला तेच हवं होतं.

डोळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फार काही नव्हतं, असं ती स्वतःला समजावायची. नुसतं एवढंच की जिच्याकडे नीट बघावं तीच गोष्ट नाहीशी व्हायची, मधोमध धुकं बसल्यासारखी, आणि कडेकडेचं सगळं राहायचं. कांद्याकडे बघितलं की कांदा जायचा, सुरीची मूठ दिसायची. मग न बघता चिरायचं. बोटांना सगळं ठाऊक होतं.

बीफ तिने खाटकाकडून मांडीचं आणलं होतं, मोठे तुकडे करून. ऑलिव्हचं तेल तापलं की नाही, हे तिने डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं, तरुण असतानासुद्धा नाही. मांस तेलात पडल्यावर आधी ओरडतं, मग कुरकुरतं, आणि कुरकुर थांबली की परतायचं. माणसांचंही तसंच असतं, असं तिची आई म्हणायची. कांदा, टोमॅटो, तमालपत्र, दालचिनीची एक काडी. दुसरा मसाला नाही. दुसरा मसाला घालणाऱ्यांबद्दल मिर्सिनीची मतं गावाला पाठ होती.

ऑगस्टात घरात ओव्हन कोण पेटवतं? पाव निघाले की इग्नातिस बेकरीवाल्याची भट्टी सगळ्या गल्लीला मोकळी असते. मिर्सिनीने कल्हईची तांब्याची परात फडक्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि भिंतीच्या कडेकडेने उतार उतरून भट्टीत देऊन आली. वाटेत ना ठेच लागली ना थेंब सांडला. तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की चर्चमध्ये तिने एक मेणबत्ती जास्त लावली. आता उरलं होतं ते पोराटोरांचं काम. प्रार्थना संपली की भट्टीवर जायचं, इग्नातिस परात तोंडाशी ओढेल, आणि त्यात पास्त्याचे दाणे टाकायचे, जवाएवढे बारीक. मग ते मांसाच्या रश्श्यात फुलतात.

"तू जा ना जरा बेकरीत," एव्हान्थियाने अमालियाला म्हटलं होतं. "पाव आणायचाच आहे. आणि बघ जरा."

"काय बघू ताई?"

"बघ म्हटलं की बघायचं असतं."

म्हणून अमालिया पावाच्या फळीपाशी उभी होती. अथेन्सची मुलगी, लग्नाला चौदा वर्षं झाली तरी या गावात ती 'स्त्रातिसची अथेन्सवाली' होती. सासूबाई आल्या, काळ्या पोशाखात, एका हातात दाण्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात गरम पाण्याची किटली. इग्नातिसने लांब दांड्याच्या फावड्याने तीन पराती भट्टीच्या तोंडाशी आणून ठेवल्या होत्या. तिन्ही तांब्याच्या, तिन्हींत लाल रस्सा खदखदत होता.

"काकू, तुमची ही—"

"गप रे! तू रांगत होतास तेव्हापासून मी माझी परात ओळखते."

आणि तिने गाठोडं मधल्या परातीत रिकामं केलं. पाणी ओतलं, मोठा चमचा फिरवला, क्रूसाची खूण केली, आणि वळली. परात थंड असती तर तिने कडीवर हात फिरवून ओळखली असती, तिच्या परातीची एक कडी वाकडी होती. पण तापल्या परातीला हात कोण लावणार?

बाहेर पडताना ती अमालियाच्या अगदी खांद्याजवळून गेली, आणि तिने तिला पाहिलं नाही. पाहून न पाहिल्यासारखं करणं ही सासूबाईंची जुनी कला होती. पण हे ते नव्हतं. त्यांना ती दिसलीच नव्हती.

इग्नातिस फावडं तसंच धरून उभा. "बाई," तो हळूच म्हणाला, "त्यांनी वार्वाराकाकूंच्या परातीत टाकले."

"काढता नाही येणार?"

"रश्श्यात पडलेले दाणे काढता येतात होय?"

वार्वारा म्हणजे समोरच्या घरातली. एके काळी मिर्सिनीची जिवाची मैत्रीण. तिच्या मुलाशी एव्हान्थियाचं लग्न ठरलं होतं, लग्नाचे साखरेत घोळलेले बदामही वाटून झाले होते, आणि एव्हान्थिया म्हणाली, नाही करायचं. मिर्सिनी लेकीच्या बाजूने उभी राहिली. तेव्हापासून पंचवीस वर्षं दोघींनी एकमेकींना 'देव भलं करो' एवढंही म्हटलं नव्हतं.

आणि नेमकी तीच दारात आली, दाण्यांचा वाडगा पोटाशी धरून.

"कोण, मिर्सिनीची सून ना तू? तोंड का असं? कुणी मेलं की काय?"

अमालियाने तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? शर्यत गावभर झालीच होती. बोलताना तिच्या डोळ्यांसमोर अथेन्समधल्या त्यांच्या दोन खोल्या होत्या, बाहेरच्या खोलीत झोपणारी, सध्या तिच्या आईकडे ठेवलेली दोन मुलं, आणि रोज सकाळी तिची कॉफी हुंगून बाजूला सारणाऱ्या सासूबाई. आपल्याला कीव सासूबाईंची येतेय की आपली स्वतःची, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं, आणि नंतरही कधी आलं नाही.

"तुम्ही पोरं घरात असून बघत नाही," वार्वारा म्हणाली. "मी खिडकीतून बघते. कपडे वाळत घालताना ती आधी दोरी चाचपते." मग वाडगा उचलून तिने आपले दाणे वाकड्या कडीच्या परातीत, मिर्सिनीच्या मांसावर ओतून टाकले. "ने. माझी परात ने. हिची मी नेते."

"काकू, तुमचे उपकार—"

"उपकार कसले डोंबलाचे! माझ्यात जिरं असतं, आधीच सांगते. आमची आई पलीकडच्या तुर्की किनाऱ्यावरून जीव मुठीत घेऊन आली, दुसरं काही नाही आणलं, जिरं आणलं. मिर्सिनीला पहिल्या घासाला कळेल. डोळे गेले असतील तिचे, जीभ नाही गेली."

"मग काय करू?"

"मग काय! गिळू दे तिला. पंचवीस वर्षांनी का होईना, माझ्या हातचं तिच्या पोटात जाईल."

दाणे शिजल्यावर अमालियाने परात आणून स्वयंपाकघरात टेकवली तेव्हा एव्हान्थिया चीज किसत होती. तिने एकदा नाक वर केलं आणि किसणी खाली ठेवली.

"ही कुणाची?"

"आपलीच," अमालिया म्हणाली.

"आपल्या परातीची कडी वाकडी आहे. लहानपणी मीच ती पाडली होती अंगणात. आणि हे जिरं आहे." एव्हान्थियाने आवाज खाली आणला. "या घरात पंचवीस वर्षांत जिरं शिजलेलं नाही. माझ्यामुळे."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. अमालियाने दार लोटलं आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. एव्हान्थिया ऐकत राहिली. बाहेर स्त्रातिस खुर्च्या सरकवत होता, आईशी काहीतरी मोठ्याने बोलत होता.

"म्हणजे दिसत नाही तिला."

"नाही दिसत."

"आणि तू परात बदललीस. तिच्यासाठी?"

"तुम्हाला घर हवंय ना ताई? मग जा बाहेर आणि सांगा. त्या हरल्या म्हणून सांगा. मी अडवणार नाही."

"तुला आई नकोय."

"नकोय," अमालिया म्हणाली, आणि स्वतःच दचकली. इतकं सरळ तिने हे आरशापुढेही म्हटलं नव्हतं. "वाईट आहे मी. असू दे. पण दोन खोल्यांत मला जागा नाही, आणि त्यांना तिथे अंगण नाही. खिडकीतून समोरच्यांचे टॉवेल दिसतात. वर्षभरात मरतील त्या तिथे. आणि मला त्यांना मरताना बघायचं नाहीये."

एव्हान्थियाने चार ताटल्या मांडल्या. आपली लेक वरच्या खोलीच्या खिडकीला नवे पडदे लावतेय, हे चित्र तिने मनात किती वेळा पाहिलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश, की पडदे लागले. तिने परातीतून वाढायला घेतलं. मांस मऊ झालेलं, दाणे एकेक सुटे, रस्सा पुरता प्यालेले. झकास झालं होतं, मेलं.

"वाढून नेऊ आपण," ती म्हणाली. "परात बाहेर नको. हातात घेतली तर कळेल तिला."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?"

"मला नाही माहीत मी काय करणार आहे. चीज घाल वर, भरपूर."

मांडवाखाली चौघं बसली. मिर्सिनी टेबलाच्या टोकाला, पाठ ताठ, हात मांडीवर. परात समोर आणली नाही म्हणून ती कुरकुरली, पण तिचं लक्ष पोरांच्या चमच्यांच्या आवाजाकडे होतं.

पहिला बोलला स्त्रातिसच. तो नेहमीच पहिला बोलतो.

"आई!" त्याने चमचा खाली ठेवला. "काय केलंस काय हे? खरं सांगतो, जन्मात असं युवेत्सी झालं नव्हतं तुझ्या हातून. काय चव आहे! तुझ्या हातांना आरोग्य लाभो." तो उठला, आईच्या डोक्याचा त्याने मुका घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. खरं तर त्यालाही सुटल्यासारखंच वाटत होतं. "संपला विषय. इथेच राहायचं तू. ताई, तू काही बोलू नकोस, शब्द म्हणजे शब्द."

मिर्सिनीच्या तोंडात पहिला घास होता.

जिरं. जिभेच्या मागच्या बाजूला, मांस विरघळल्यावर येतं ते. क्षणभर ती कुठल्या कुठे गेली. समोरच्या घरातलं स्वयंपाकघर, दोन तरण्या बायका एका परातीत दोन पाव बुडवून खातायत, आणि वार्वारा म्हणतेय, खा गं, तुझ्या दालचिनीला कोण विचारतं! मग ती परत आली, आणि तिला सगळं कळलं. तीन पराती, मधली परात, इग्नातिसचं 'काकू, तुमची ही'. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

आणि त्याच क्षणी हेही कळलं की घर तिच्या तोंडात आहे. नुसतं गिळायचं. स्त्रातिसला काही कळत नाही, त्याला खारवलेला मासा आणि चपलेचा तळ यातला फरक कळत नाही. गिळलं, की हा मांडव, ही विहीर, पलंगाच्या उशाशी असलेली ती खिडकी, सगळं मरेपर्यंत तिचं.

तिने गिळलं.

दुसरा घास घेतला. दोन्ही बायका खात नव्हत्या, हे तिला ऐकू आलं. तिसरा घास तिने चमच्यात भरला, आणि चमचा ताटलीत ठेवून दिला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"काय तुझं नाही?" स्त्रातिसने विचारलं.

"हे मांस वार्वाराचं आहे. मी माझे दाणे तिच्या परातीत घातले. मला दिसलं नाही." तिने श्वास घेतला. "जन्मात माझ्या हातून असं झालं नव्हतं म्हणतोस, ते बरोबरच आहे. माझ्या हातून झालेलंच नाही ते."

स्त्रातिसचा चेहरा असा झाला की एरवी सगळे हसले असते.

"ही परात घरी कुणी आणली?" मिर्सिनीने विचारलं.

"मी," अमालिया म्हणाली. "मी बदलली. वार्वाराकाकूंना विचारून."

"का?"

"तुम्हाला अथेन्सला यावं लागू नये म्हणून."

"माझ्यासाठी?"

अमालियाने नवऱ्याकडे बघितलं नाही. "माझ्यासाठीसुद्धा, आई."

"अमालिया!" स्त्रातिस ओरडला.

"बोलू दे तिला," मिर्सिनी म्हणाली. "दोन दिवसांत या टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं."

"तू मला कधी सांगितलं नाहीस," तो बायकोला म्हणाला.

"तू विचारलंस कधी? तू सांगितलंस. तेही घास तोंडात असताना."

तो पाव कुस्करत बसला.

एव्हान्थिया इतका वेळ आईकडे बघत होती. "कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की. कडेकडेचं दिसतं." मिर्सिनीने मान तिच्या दिशेने वळवली. "तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. तुझ्या मागची भिंत असते."

एव्हान्थिया खुर्चीतून अर्धी उठली. "मला का नाही सांगितलंस? मी परकी आहे का?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी ट्रंक भरली असतीस माझी."

खरं होतं ते.

"तुला कळलं होतं," मिर्सिनी म्हणाली. "जिरं तुलाही कळतं. मग बोलली का नाहीस?"

"तू काय करतेस ते बघत होते." एव्हान्थिया आता उघड रडत होती, नाक पदराने पुसावं तसं अॅप्रनने पुसत होती. "तू गिळलंस, आई. मी ठरलेलं लग्न मोडलं आणि अख्खा गाव तुझ्या अंगावर आला तेव्हा तू काही गिळलं नाहीस, उलट एकेकाच्या तोंडावर फेकलंस. आणि आज गिळलंस. मला वाटलं, इतकं हवंय हिला हे घर? मग मी कोण सांगणारी?"

समोरच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, तिथेही जेवणं चालली होती.

"हरले ते हरले," मिर्सिनी म्हणाली. "शब्द मी दिला होता. मंगळवारी निघते."

"आई, काहीतरीच काय—" स्त्रातिस.

"तुझ्याकडे नाही रे. तुझ्या बायकोला जागा नाही, तिने सांगितलं तेवढं पुरे. म्हातारं माणूस एकदा चुकून आलेलं चालतं, कायमचं आलेलं चालत नाही." ती थांबली. पुढचं वाक्य तिला जड जात होतं, हे तिघांनाही दिसत होतं. आयुष्यभर तिने या घरात हुकूम सोडले होते, मागितलं कधी काही नव्हतं. आणि आमच्या गावच्या बायका, लेक वर राहायला आली की मुकाट्याने जिथे उतरतात, त्या खालच्या खोलीला ती मरणाची पहिली पायरी म्हणायची. आपल्या आईला तिथे उतरताना पाहिलं होतं तिने.

"एव्हान्थिया, घर तुझं आहे. म्हणून तुला विचारते. वर देस्पिनाला राहू दे. खालची खोली मला देशील?"

एव्हान्थियाने डोळे पुसले. "तिथे... तिथे तेलाचे रांजण आहेत, आई. ओल आहे."

"रांजण राहू देत एकदोन. वासावरून मला कळेल, मी कुठे आहे ते."

"भिंतीला चुना मी लावतो," स्त्रातिस घाईघाईने म्हणाला. "उद्याच लावतो. बोट पुढच्या आठवड्याचीही आहे. आहे ना, अमालिया?"

अमालियाने मान हलवली. मग सासूबाईंना ते दिसणार नाही हे आठवून मोठ्याने म्हणाली, "आहे, आई. मी पण थांबते. माझ्या हातची कॉफी प्यावी लागेल मात्र."

"प्यावी लागेल तर पीन. वाईट करतेस, पण पीन." मिर्सिनीने ताटली पुढे सरकवली, स्त्रातिसच्या बाजूला. "हे तू खाऊन टाक. चांगलं झालंय. तिला सांगू नका मी असं म्हणाले ते."

तिने खुर्ची मागे सारली आणि उठली. अंगणाच्या कडेने दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या, दुपारच्या उन्हात पांढऱ्याफेक. त्यांच्याकडे तोंड करून ती उभी राहिली, आणि तिच्या पुढ्यात काही नव्हतं.

"चल, दाखव मला खोली," ती लेकीला म्हणाली. "आणि हात दे. पायऱ्या दिसत नाहीत मला."

एव्हान्थियाने दोन्ही हात पुढे केले.